जांघेतलं दुखणं

गुडघा दुखतो, गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो आणि तो स्वच्छ येतो. कंबर दुखते, कंबरेचा एमआरआय होतो, त्यात वयाप्रमाणे थोडी झिजलेली एखादी चकती सापडते आणि सगळ्यांचं समाधान होतं. दुखणं मात्र चालूच राहतं. खुब्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरायला लागलं, म्हणजे डॉक्टर आणि पेशंट दोघंही ज्याला एव्हीएन म्हणतात तो आजार जडला, की सुरुवातीचे महिने बहुतेकदा असेच निघून जातात. आणि उपचारांचे सगळ्यांत जास्त पर्याय याच महिन्यांत हातात असतात. हा आजार साधारण तिशी ते पन्नाशीच्या माणसांना गाठतो. या वयात खुब्याचा संशय ना पेशंटला येतो, ना घरच्यांना, ना नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांना. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

‘खुबा दुखतो’ असं म्हणताना आपण हात ठेवतो तो कुल्ल्यावर किंवा कमरेच्या बाजूला. तिथलं दुखणं पुष्कळदा मणक्यातून किंवा स्नायूंमधून आलेलं असतं. खुब्याचा सांधा प्रत्यक्षात पुढच्या बाजूला, जांघेत खोल असतो. तो बिघडला की माणूस जांघेकडे बोट दाखवतो, किंवा अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी पकड बाजूने धरून ‘इथे आत, खोल’ असं सांगतो. ती कळ मांडीच्या पुढच्या भागातून गुडघ्यापर्यंत उतरते. खुबा आणि गुडघा या दोघांनाही काही एकाच मज्जातंतूंच्या फांद्या जातात, त्यामुळे खुब्याची तक्रार गुडघ्याच्या नावावर नोंदवली जाते. काहींना तर जांघेत काहीच जाणवत नाही, नुसता गुडघाच ठणकतो. लहान मुलांमध्येही हेच होतं. १९१० साली लेग, काल्वे आणि पेर्थेस या तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या देशांत मुलांमधल्या अशाच आजाराचं वर्णन केलं. आजही ती मुलं अनेकदा ‘गुडघा दुखतो’ म्हणूनच लंगडत येतात.

दुखण्याच्या जागेइतक्याच हालचालीही बोलक्या असतात. मोजे घालायला पाय वर घेणं अवघड होतं. गाडीत बसल्यावर दुसरा पाय आत ओढून घ्यावा लागतो. मांडी घालून बसलं की एक गुडघा दुसऱ्यापेक्षा वरच राहतो. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात आणि मग चाल जरा सुधारते. पुढे रात्री कूस बदलतानाही जाग येऊ लागते. डॉक्टर पाठीवर झोपवतात, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेतात, म्हणजे मांडी आतल्या बाजूला फिरते. खुबा बिघडला असेल तर बहुधा हीच हालचाल सगळ्यांत आधी कमी होते आणि हिच्यातच कळ येते. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी. गुडघेदुखी किंवा कंबरदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक पेशंटची ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मला ल्युपस आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. माझ्या बाबतीत ती मूत्रपिंडांवर उलटली. तेव्हा आधी शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले गेले, मग कित्येक महिने प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या. मूत्रपिंडं सावरली. त्यानंतर वर्षभराने उजवी जांघ दुखू लागली. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे स्नायू ताणला गेल्याचं निदान झालं. मलम, व्यायाम, विश्रांती यांत बराच काळ गेला. पुढे नेहमीच्या तपासणीत ल्युपसच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘आणखी काही?’ मी म्हटलं, ‘जांघेत दुखतं.’ लिहिता लिहिता त्या थांबल्या. ‘जांघेत? किती दिवसांपासून?’ एक्स-रे सांगितला आणि सोबत, तो चांगला आला तरी दोन्ही खुब्यांचा एमआरआय करायचा, हेही त्याच कागदावर लिहून दिलं.

‘तो चांगला आला तरी’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. एव्हीएनच्या पहिल्या टप्प्यात एक्स-रे पूर्णपणे निर्दोष असतो. हाडातल्या पेशी मेलेल्या असतात, पण हाडाचा खनिजांचा सांगाडा जसाच्या तसा उभा असतो आणि एक्स-रेला दिसतो तो सांगाडाच. एमआरआयला आतली मज्जा दिसते. जिवंत आणि मृत भागांमधली सीमारेषा त्यात उमटते, कधी एकाला लागून एक अशा दोन रेघांसारखी. या आजारासाठी एमआरआयइतकी भरवशाची दुसरी तपासणी नाही. तेव्हा धोक्याची पार्श्वभूमी असलेल्या माणसाची जांघ दुखत असेल, तर स्वच्छ एक्स-रे हातात घेऊन घरी परतू नये. आणि एमआरआय दोन्ही बाजूंचा व्हावा, कारण अपघाताशिवाय झालेल्या एव्हीएनमध्ये निम्म्याहून जास्त लोकांचे दोन्ही खुबे कमी-अधिक बाधित निघतात. माझ्या अहवालात उजव्या खुब्यात मोठा डाग, म्हणजे मेलेल्या हाडाचा भाग, होता. एकदाही न दुखलेल्या डाव्या खुब्यात एक लहान डाग होता.

धोक्याची पार्श्वभूमी कोणती, ते सांगते. मांडीच्या हाडाची मान मोडणं किंवा खुबा निखळणं हे अपघाती कारण. निखळलेला खुबा शक्यतो सहा तासांच्या आत बसवायचा असतो, तो याचसाठी. बाकीच्यांत स्टिरॉइड आणि दारू ही दोन कारणं फार मोठी. मग सिकल सेल हा रक्ताचा आजार, ल्युपससारखे आजार, रक्त गोठण्याचे दोष, अवयव प्रत्यारोपण, रेडिएशन, खोल पाण्यातून फार लवकर वर येणाऱ्या पाणबुड्यांना होणारा त्रास. आणि काही लोकांमध्ये कारण सापडतच नाही.

स्टिरॉइडच्या बाबतीत आकडे माहीत असलेले बरे. या आजारावर काम करणाऱ्या ‘आर्को’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘स्टिरॉइडशी निगडित’ म्हणण्यासाठी तीन महिन्यांत २ ग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन, किंवा तेवढ्या ताकदीचं दुसरं स्टिरॉइड, अशी रेषा आखली आहे. म्हणजे रोज सरासरी २२ मिलिग्रॅम. दारूसाठीची रेषा आहे आठवड्याला ४०० मिलिलिटरहून अधिक शुद्ध अल्कोहोल, तेही सहा महिन्यांहून जास्त काळ. या रेषांच्या अलीकडे सगळं सुरक्षित आहे असा याचा अर्थ नाही. दम्याचा पंप किंवा त्वचेवरचं मलम यांतून शरीरात सहसा फार थोडं स्टिरॉइड जातं, त्यांच्या धास्तीने कोणी झोप उडवून घेऊ नये. मात्र कोविडच्या काळात ज्यांना स्टिरॉइडचे मोठे डोस दिले गेले, त्यांच्यातल्या काहींना नंतर खुब्याचा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. पेशी मरतात स्टिरॉइड सुरू असतानाच्या महिन्यांत आणि दुखणं सुरू होतं कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. तोवर ते औषध घेतलं होतं हेच माणूस विसरलेला असतो. डॉक्टरांना ते आठवणीने सांगायला हवं.

इथे थांबून एक गोष्ट जोर देऊन सांगते. स्टिरॉइडला मी शत्रू मानत नाही. त्याच गोळ्यांनी माझी मूत्रपिंडं वाचवली. आणि हे वाचून कोणी घाबरून आपलं स्टिरॉइड एका दिवसात बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, ती पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरी पायरीने.

मांडीच्या हाडाचं गोल डोकं, ज्याला अस्थिरोगतज्ज्ञ नुसतं ‘बॉल’ म्हणतात, त्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या हाडाच्या मानेला लगटून वर चढतात. या वाटेला सक्षम असा दुसरा पर्याय जवळजवळ नाही. मान मोडली की रक्तवाहिन्या तुटतात, हे समजायला सोपं आहे. स्टिरॉइड आणि दारू आतून काम करतात. मज्जेतल्या चरबीच्या पेशी वाढतात आणि फुगतात, हाडाच्या बंद पोकळीतला दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, कुठे चरबीच्या कणांनी तर कुठे गुठळ्यांनी तुंबतात. रक्त थांबल्यावर हाडाच्या पेशी एक-दोन दिवसांत मरतात.

यापुढचा भाग कळला तेव्हा मी सुन्न झाले होते. मेलेलं हाड लगेच खचत नाही. ते बराच काळ भार पेलत राहतं. ते खचतं शरीर दुरुस्ती सुरू करतं तेव्हा. जिवंत भागाच्या कडेने नव्या रक्तवाहिन्या मृत भागात शिरतात, जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांच्यामागून नवं हाड घालणाऱ्या पेशी येतात. पण घर राहतं ठेवून त्याच्या भिंती बदलायला घ्याव्यात, पाडणारे झपाट्याने पाडत जावेत आणि बांधणारे मागे रेंगाळावेत, तशी इथली गत होते. बॉलवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, म्हणजे कूर्चेच्या, अगदी खालचा थर पोकळ पडतो आणि रोजच्या चालण्याच्या भाराने त्यात बारीक तडा जातो. एक्स-रेमध्ये हा तडा चंद्रकोरीसारखा दिसतो. चंद्रकोर दिसली की गोल डोकं चपटं व्हायला फार वेळ उरलेला नसतो. आणि हा बॉल कमरेच्या हाडातल्या ज्या गोल वाटीत बसतो, तिच्यात तो चपटा होऊन फिरत राहिला की वाटीही झिजते.

फिका आणि आर्ले या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलेले चार टप्पे आजही बहुतेक अहवालांत दिसतात. पहिल्यात एक्स-रे निर्दोष, दुसऱ्यात हाडाचा पोत बदललेला पण गोलाई शाबूत, तिसऱ्यात चंद्रकोर आणि चपटेपणा, चौथ्यात अख्खा सांधा झिजलेला. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, डॉक्टरांना एवढं नक्की विचारावं: गोलाई टिकली आहे का? डाग केवढा आहे आणि कुठे आहे? डोक्याच्या १५ टक्क्यांहून लहान, भार न पडणाऱ्या आतल्या बाजूचा डाग वर्षानुवर्षं निमूट बसू शकतो. ३० टक्क्यांहून मोठा आणि भाराच्या जागेवरचा डाग बहुधा खचतोच, आणि पुष्कळदा दोन-तीन वर्षांतच. कधी कधी एमआरआयमध्ये फक्त मज्जेला सूज दिसते आणि ती काही महिन्यांत आपोआप ओसरते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा मध्यमवयीन पुरुषांमध्ये दिसणारा हा वेगळाच आजार आहे, त्याला एव्हीएन समजून शस्त्रक्रियेची घाई व्हायला नको. अहवाल स्वतः वाचून निष्कर्ष काढू नये, तो या कारणासाठी.

उपचारांकडे वळते. कुबड्या किंवा काठी घेतल्याने मेलेलं हाड जिवंत होत नाही, आणि नुसता भार टाळून मोठा डाग खचायचा थांबतो असंही दिसलेलं नाही. तरी दुखणं उतरतं आणि ते काही थोडं नव्हे. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यात मोजणारी यंत्रणा बसवून पाहिलं, तेव्हा साध्या चालण्यात सांध्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट भार पडताना आढळला, कारण तोल सांभाळणारे स्नायूही सांध्याला दाबत असतात. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरली की या स्नायूंचं काम कमी होतं. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. चित्रपटांत बघून बघून आपण नेमकं उलट धरतो. पोहणं आणि बसायची सायकल यांनी सांधा फार न दाबता स्नायू टिकतात. उड्या मारणं आणि धावणं थांबवावं लागतं.

हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या अलेंड्रोनेटसारख्या गोळ्या काही डॉक्टर देतात. खचणं लांबवण्याचा त्यांचा हेतू वरच्या वर्णनाशी जुळतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर त्या घेता येत नाहीत, माझ्या बाबतीत ही चर्चा झाली होती. ‘हाडाचा रक्तपुरवठा परत आणतो’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि जोरजोरात केलेलं मालिश तिथवर पोचत नाही. मला त्यांच्या खर्चाहून जास्त राग येतो तो त्यांच्यात जाणाऱ्या महिन्यांचा.

गोलाई टिकलेली असताना करायची मुख्य शस्त्रक्रिया म्हणजे कोअर डिकॉम्प्रेशन. मांडीच्या बाजूने हाडात शिरून मानेतून वर डागापर्यंत छिद्र पाडतात, म्हणजे आतला दाब उतरतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. याचं मूळ गमतीशीर आहे. फिका यांच्याकडे हाडातला दाब मोजायला आणि तुकडा तपासायला असं छिद्र घ्यायचे, आणि त्यानंतर पेशंटचं दुखणं कमी होतं हे त्यांच्या लक्षात आलं. आता बऱ्याच ठिकाणी त्या छिद्रातून पेशंटच्याच कमरेच्या हाडातली मज्जा दाट करून सोडतात. डाग लहान आणि टप्पा पहिला असेल तर या शस्त्रक्रियेची साथ चांगली मिळते, डोकं खचल्यावर तिचा उपयोग फारसा राहत नाही. याशिवाय रक्तवाहिनीसकट पायाचं बारीक हाड आणून खुब्यात बसवणं, किंवा हाड कापून डोकं फिरवून भार निरोगी भागावर आणणं, असे मार्गही आहेत. ते अवघड आहेत आणि त्यात मुरलेले हात मोजके आहेत.

माझ्या उजव्या खुब्यात छिद्र पाडलं. त्यानंतर सहा आठवडे कुबड्या, कारण भोक पाडलेलं हाड भाराने मोडू शकतं. काही काळ फार बरं गेलं. मग एका एक्स-रेत चंद्रकोर उमटली. डाग मोठा होता, शक्यता आधीच स्पष्ट सांगितली होती, तरी ती रेघ बघून मी रडले.

पुढे सांधा बदलण्याचा निर्णय व्हायला वेळ लागला आणि त्यात आप्तांच्या सल्ल्यांचा वाटा होता. ‘इतक्या लहान वयात? साठीपर्यंत ढकल.’ हा सल्ला एके काळी रास्त होता. जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये धातूचा छोटा गोळा आणि पॉलिएथिलिनची वाटी ही जोडी रुजवली, त्यानंतरही कितीतरी वर्षं तरुणांना थांबवून ठेवण्याचाच कल होता. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकतात. तरुण वयात बसवलेला खुबा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता अधिक, हे खरंच आहे आणि ते समजून घेऊनच होकार द्यायला हवा. पण ज्या वर्षांत माणूस कमावतो, मुलं वाढवतो, हिंडतो, ती वर्षं जिने टाळत आणि वेदनाशामकं गिळत घालवायची, हा हिशेब मला पटला नाही. अमेरिकेत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही गाजवणाऱ्या बो जॅक्सनचा खुबा जानेवारी १९९१ मधल्या एका फुटबॉल सामन्यात दुखावला आणि त्याला एव्हीएन झाला. १९९२ साली सांधा बदलला आणि १९९३ मध्ये बेसबॉलला परतल्यावर पहिल्याच फलंदाजीत त्याने होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला. तसं खेळावं असा सल्ला कोणताही सर्जन देणार नाही. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मला त्याची आठवण धीर देत होती.

माझ्यासारख्यांनी शस्त्रक्रियेआधी काही गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यातल्या कोणत्या कधी थांबवायच्या हे ल्युपसचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं. स्टिरॉइड चालू असेल तर भूलतज्ज्ञाला ते माहीत हवंच. रक्त गोठण्याची प्रवृत्ती तपासलेली हवी. माझी शस्त्रक्रिया सुरळीत झाली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले तेव्हा जखम दुखत होती, जांघेतली ती जुनी खोल कळ मात्र नव्हती. दोन दुखण्यांमधला हा फरक इतका लख्ख होता की मी फिजिओथेरपिस्टला तो पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

या सगळ्या काळात वेदनेहून मला जड गेलं ते लोकांचं तर्क करणं. प्लास्टर नाही, सूज नाही, तरुण बाई, मग लंगडते कशाला? आजाराचं नाव सांगितलं की इंटरनेटवर बघून कोणी विचारायचं, ‘दारू वगैरे?’ मी नाही म्हणायची आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव यायचा. मला तो भाव आवडत नसे. वॉर्डात माझ्या शेजारच्या खोलीत ज्याचा खुबा दारूने गेला होता असा माणूस होता, आणि त्याची कळ माझ्याइतकीच खरी होती. कारण शोधायचं ते थांबवता यावं म्हणून, दुसरा खुबा वाचावा म्हणून. दारू सुटायला मदत हवी असते आणि ती मागायला लाजावं लागू नये.

डावा खुबा अजून माझाच आहे. डाग लहान आहे, आतल्या बाजूला आहे, गोलाई शाबूत आहे. त्याला हात लावायचा नाही, ठरावीक काळाने एमआरआय करून बघायचं आणि जांघेत काहीही जाणवलं तर वाट न बघता कळवायचं, असं ठरलं आहे. एका वहीत प्रत्येक स्टिरॉइडचं नाव, डोस आणि तारखा लिहिते, नवा डॉक्टर असला की वही आधी पुढे करते. कोणाला दीर्घकाळ गोळ्या चालू असतील तर मी त्यांनाही अशी वही ठेवायला सांगते. गेल्या तपासणीत लघवीतली प्रथिनं आटोक्यात होती, म्हणून प्रेडनिसोलोन साडेसातवरून पाच मिलिग्रॅमवर आणलं. डाव्या खुब्यासाठी मला तीच सगळ्यांत चांगली बातमी वाटली.